ग्रेग लुगॅनिस: त्याने तेव्हा सांगायला हवं होतं का?

सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण आज विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, सोलापुरात डायव्हिंग शिकते. आमच्या एका गल्लीतली तीन पोरं बोर्डावर जातात. एक मीटर झालं, आता तीन मीटरवर रिव्हर्स चालू आहे. गेल्या महिन्यात हिचा पाय बोर्डाला घासला, अंगठ्याचं नख गेलं. तेव्हापासून ती बोर्डाच्या टोकाला जाते, उभी राहते आणि परत फिरते. सर ओरडले नाहीत. त्यांनी सगळ्या पोरांना बसवून मोबाइलवर १९८८ च्या सोल ऑलिम्पिकची क्लिप दाखवली. अमेरिकेचा ग्रेग लुगॅनिस, डोकं बोर्डावर आपटतं, टाके घालून परत येतो, सुवर्णपदक घेऊन जातो. हेतू चांगलाच होता.

पण हल्लीची पोरं क्लिपवर थांबतात होय? हिने घरी येऊन सगळं वाचून काढलं. रात्री जेवताना म्हणते, "आई, त्याला तेव्हा एचआयव्ही होता आणि त्याला ते माहीत होतं. डॉक्टरने हातमोजे न घालता टाके घातले. मग तो बोलला का नाही?" ह्यांनी ताटातून मान वर न करता निकाल दिला, "फसवणूक आहे ती." सासूबाई म्हणाल्या, जेवताना कसले ओ विषय हे. मी गप्प बसले, कारण मला खरंच उत्तर येत नव्हतं.

तर पहिला प्रश्न हिचा: सांगायला हवं होतं का? दुसरा माझा: डोकं फुटल्यावर माणूस परत त्याच फळीवर जातो कसा? तो नट होता, समलिंगी होता, चळवळीत होता, असं तुकड्यातुकड्यांत वाचलंय. कुणी नीट सांगेल का? मुलीला वाचून दाखवणार आहे. भाषा सांभाळून लिहा, पण गुळमुळीत नको.

शटरवाला_टीव्ही

वाचतोय. डोकं आपटलेलं पक्कं आठवतंय, वाड्यातले पंधराजण एकदम "अयायाया" करून ओरडले होते. पुढचं काहीच माहीत नव्हतं. ते तीन_मीटर काका कुठे आहेत? त्यांचा प्रांत आहे हा.

तीन_मीटर

आलो. ताई, लेकीने विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी लायकी सांगतो. वय अठ्ठावन्न, बँकेतून निवृत्त, मुक्काम मुलुंड. कॉलेजात असताना पाच वर्षं दादरला डायव्हिंग केलं, दोनदा राष्ट्रीय स्पर्धेला गेलो, पदकं शून्य. नंतर पंच म्हणून खुर्चीत बसलो. थोडक्यात, स्वतः उड्या मारण्यापेक्षा दुसऱ्यांच्या उड्यांना साडेसहा देण्यात माझं आयुष्य जास्त गेलं.

तुमचा प्रश्न आधी घेतो, तो सोपा आहे.

रिव्हर्समध्ये तोंड पाण्याकडे, उडी पुढे, आणि कोलांटी मात्र उलटी, फळीच्या दिशेने. ज्या फळीवरून उडालात तिच्याच बाजूने डोकं फिरून येतं. शरीर ओरडून सांगतं की हे काहीतरी चुकतंय, आणि शरीराचं खरंच असतं. उपाय एकच, उडी वर जायला हवी आणि जराशी बाहेर. पण घाबरून फार बाहेर गेलात की उंची जाते, उडी लांबट दिसते, आमच्यासारखे पंच गुण कापतात. म्हणून चांगला डायव्हर फळीच्या जवळ राहतो. लुगॅनिस इतका उंच जायचा की जवळ राहणं त्याला परवडायचं. १९ सप्टेंबर १९८८ ला, तीन मीटरच्या पात्रता फेरीत, नवव्या उडीला नाही परवडलं. रिव्हर्स अडीच, पाईक, म्हणजे उलट्या अडीच कोलांट्या, कंबरेत वाकून, पाय सरळ. उडी वर गेली, बाहेर गेलीच नाही.

डॉक्टरने तिथल्या तिथे टाके घातले आणि अर्ध्या तासाच्या आसपास तो परत वर चढला. पुढची उडी? तीही रिव्हर्सच्याच घराण्यातली, वर पिळे घातलेली. त्या फेरीत सगळ्यात जास्त गुण त्याच उडीला पडले. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत, ज्या उडीने डोकं फुटलं होतं तीच परत मारली. ७३०.८० गुण, सुवर्ण. चीनचा तान लिआंगदे ७०४.८८ वर दुसरा.

तुमच्या लेकीच्या सरांना सांगा, क्लिप चांगली आहे पण चुकीची निवडलीत. खरी भीतीची गोष्ट त्यानंतर आठवड्याभरात झाली, दहा मीटरवर.

त्यासाठी १९८३ ला जावं लागेल. कॅनडात एडमंटनला जागतिक विद्यापीठ स्पर्धा चालू होत्या. सोव्हिएत संघाचा सर्गेई शालिबाश्विली, एकवीस वर्षांचा पोरगा, दहा मीटरवरून रिव्हर्स साडेतीन, टक मारायला गेला. आमच्या भाषेत ३०७सी. तीन म्हणजे रिव्हर्स, सात म्हणजे सात अर्ध्या कोलांट्या, सी म्हणजे गुडघे पोटाशी. दहा मीटरची फळी लवचीक नसते, सिमेंटचा कट्टाच तो. त्याचं डोकं कट्ट्यावर आपटलं. आठवड्याभराने दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. लुगॅनिस तेव्हा मनोऱ्यावरच होता, स्वतःच्या पाळीची वाट बघत. कट्टा हादरलेला त्याला जाणवला होता, असं त्याने सांगून ठेवलंय. आणि त्याचं स्वतःचं डोकं १९७९ मध्ये तिबिलिसीला दहा मीटरवर आपटून शुद्ध गेलेली होती. म्हणजे त्याला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आता सोल, दहा मीटर, शेवटची उडी. चीनचा शिओंग नी, वय वर्षं चौदा, बरोबर तीन गुणांनी पुढे. शिओंगच्या शेवटच्या उडीची काठिण्यपातळी ३.२, गुण ८२.५६. लुगॅनिसने शेवटी काय ठेवलं होतं? ३०७सी. काठिण्य ३.४. मिळाले ८६.७०. एकूण ६३८.६१ विरुद्ध ६३७.४७, फरक १.१४.

पंचाची खोड म्हणून भागाकार करून बघितला, गुणांना आधी काठिण्याने आणि मग तीनने. शिओंगच्या उडीला सरासरी ८.६ पडतात, लुगॅनिसच्या उडीला ८.५. म्हणजे पोराची उडी जास्त सुबक होती! सुवर्ण मिळालं ते काठिण्याच्या दोन दशांशांवर. आणि ते दोन दशांश त्या उडीचे, जिने त्याच्या डोळ्यांदेखत एक पोरगा गेला होता. पाच वर्षं त्याने ती उडी यादीतून काढली नाही. १९८४ ला लॉस एंजेलिसला दहा मीटरवर तो सातशेच्या वर जाणारा पहिला ठरला, ७१०.९१, तेव्हाही शेवटी हीच होती. १९८४ आणि १९८८, दोन्ही वेळा तीन मीटर आणि दहा मीटर, दोन्ही सुवर्णं. हे पुरुषांत त्याच्याआधी कुणी केलेलं नव्हतं. (शिओंगसाठी हळहळू नका. त्याने पुढे १९९६ आणि २००० मिळून तीन सुवर्णं नेली.)

तेव्हा ताई, माणूस परत जातो कसा, याचं माझं उत्तर: भीती गेल्यावर जात नाही. भीतीला यादीतला एक क्रमांक देऊन टाकतो. नववी उडी, दहावी उडी. मला स्वतःला हे कधीच जमलं नाही, म्हणून माझी पदकं शून्य.

आता लेकीचा प्रश्न.

त्याला सोलच्या सहा महिने आधी, मार्च १९८८ मध्ये, कळलं होतं. तेव्हा औषध म्हणजे एझेडटी, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून. त्या काळी हा निकाल म्हणजे मृत्यूचा कागदच समजायचे. प्रशिक्षक रॉन ओब्रायन आणि मोजक्या दोनचार लोकांना ठाऊक होतं. बाहेर फुटलं असतं तर कोरियात शिरूच दिलं नसतं, असं तो पुढे म्हणाला.

माझं मत विचाराल तर डॉक्टरला सांगायला हवं होतं. स्पष्ट हवं होतं. भरलेल्या तलावासमोर नको, पत्रकारांना नको, पण जो माणूस उघड्या हाताने टाके घालतोय त्याच्या कानात सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो स्वतःही याची सफाई देत नाही, भीतीने हातपाय गळाले होते एवढंच सांगतो. पुढे जगाला सांगायच्या आधी त्याने त्या डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने तपासणी केली, काही झालेलं नव्हतं. पण "काही झालं नाही" हे नशीब आहे, ती सफाई होत नाही.

तरी तुमच्या यजमानांचा "फसवणूक" हा शब्द मला पटत नाही. फसवणुकीत काहीतरी लाटलेलं असतं. याने बोर्डावर काय लाटलं? कुठल्या पंचाने एचआयव्हीला अर्धा गुण जास्त दिला? याला चूक म्हणा. मोठी चूक म्हणा. फसवणूक वेगळी.

आता थोडं माझं. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याने अमेरिकन टीव्हीवर सांगून टाकलं. आपण समलिंगी आहोत हे त्याआधीच, १९९४ च्या जूनमध्ये, न्यूयॉर्कच्या गे गेम्समध्ये जाहीर करून झालं होतं. बातमी आमच्याकडे पेपरात आतल्या पानावर आली, तळाला, चौकोनात. मी बँकेत टेबलावर वाचत होतो. शेजारच्या टेबलावरच्याने मागून वाचली आणि म्हणाला, "तरीच!" तीस वर्षं झाली, त्या "तरीच"चा अर्थ मला लागलेला नाही. तरीच जिंकला, की तरीच आपटला? मी हसलो. पेपराची घडी घातली आणि व्हाउचर तपासायला घेतली. माझ्यासाठी घरी स्थळं बघणं चालू होतं. मी समलिंगी आहे हे इथल्या जुन्या सदस्यांना माहीत आहे, नव्यांना आज कळलं. घरी सांगायला मला आणखी नऊ वर्षं लागली, आणि माझ्या डोक्याला टाकेही पडले नव्हते.

म्हणून "तो बोलला का नाही" हा प्रश्न विचारायचा हक्क तुमच्या लेकीला आहे. त्या शेजारच्या टेबलवाल्याला मी तो देणार नाही.

जेवायला हाक आली. बाकीचं उरलं तर नंतर.

स्लाइडखाली

काकांचा प्रतिसाद नेहमीसारखाच. मी पॅथॉलॉजीत आहे, तेव्हा माझ्या वाटणीचं लिहितो. घरात "पाण्यात रक्त पडलं, मग इतर पोहणारे?" हा प्रश्न निघणारच.

तलावातून धोका जवळपास नव्हताच. रक्ताचे काही थेंब, लाखो लिटर पाणी, त्यात क्लोरीन. हा विषाणू शरीराबाहेर फार लेचापेचा असतो. तलावात पोहून कुणाला लागण झाली असं उदाहरण नाही. शिवाय न फाटलेल्या त्वचेतून तो आत जात नाही.

डॉक्टरचा प्रश्न वेगळा. सुई स्वतःच्या बोटात गेली असती तर धोका होता, कमी पण होता. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर साधारण तीनशेत एकाला लागण होते असं धरतात. आणि आज टोचल्यावर ७२ तासांच्या आत औषधं सुरू करता येतात, तशी सोय १९८८ मध्ये नव्हती.

पण एक गोष्ट काकांनी सोडली. हातमोजे घालायचे की नाही हे रोग्याने काय सांगितलं यावर ठरवायचं नसतं. प्रत्येकाचं रक्त बाधित आहे असं धरूनच काम करायचं, हा नियम अमेरिकेत १९८७ मध्येच लिहून झाला होता. का? कारण अनेकांना स्वतःला माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते सांगायला घाबरतात. मुलीला हे जरूर सांगा. उद्या तलावावर तिच्या मैत्रिणीचं नाक फुटलं तर पिशवीत हातमोजे हवेत, मैत्रीण कितीही सख्खी असो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत उघड्या हाताने रक्त काढलेलं आहे. सगळेच काढायचे. घाईत होतो, एवढंच.

सरळसोट

एवढं कौतुक कशाला चाललंय कळत नाही. खेळाडू म्हणून मोठा, मान्य. पण पुढे पुस्तक लिहिलं, मुलाखती दिल्या, मग सिनेमे, मग चळवळ. म्हणजे जे लपवलं त्याचंच भांडवल. आणि आता तर पदकंही विकली म्हणे. ज्या पदकांसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावला तीच लिलावात! (हलके घ्या, पण मत बदलणार नाही.)

तीन_मीटर

सरळसोट, हलकं घेतो आणि जड उत्तर देतो.

भांडवल म्हणताय ते बघू. अमेरिकेत ऑलिम्पिकवीराचं चित्र नाश्त्याच्या एका प्रसिद्ध खोक्यावर छापायची रीत आहे, व्हीटीज. चार सुवर्णं घेतली तरी याला ते मिळालं नाही. मिळालं २०१६ मध्ये, लोकांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. बहुतेक जाहिरातवाले फिरकलेच नाहीत. १९९५ नंतर पोहण्याचे कपडे बनवणाऱ्या स्पीडोवाल्यांनी साथ सोडली नाही, हे त्यांच्या नावावर लिहायला हवं.

पदकं २०२५ मध्ये विकली हे खरं. तीन पदकांचे चार लाख डॉलरांच्या वर आले, आणि तो पनामाला राहायला गेला. पैशांची गरज होती असं त्याने उघडच सांगितलं. मरणार म्हणून जो म्हातारपणाची तजवीज करत नाही आणि मग पासष्ट वर्षं जगतो, त्याची पंचाईत निवृत्त बँकवाल्याला चांगली कळते. आमच्या एका सहकाऱ्याने स्वतः कॅरममध्ये जिंकलेली चांदीची वाटी मुलीच्या लग्नात मोडली होती. कुणी नाक मुरडलं नाही.

म्हापशेकरीण

सोलचं चालू आहे म्हणून आमच्या गोव्यातली एक गोष्ट सांगते. तारखा जुळवून बघा, म्हणजे "का नाही सांगितलं" याचं उत्तर आपोआप मिळेल.

सोल ऑलिम्पिक संपलं २ ऑक्टोबर १९८८ ला. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, गोव्यात पोलीस डॉमनिक डिसोझाला घेऊन गेले. गुन्हा कसला? तो रक्तदाता होता. नेमाने रक्त द्यायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. तेव्हा गोव्याच्या आरोग्य कायद्यात तरतूद होती की अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायचं. टीबीच्या जुन्या इस्पितळात एकट्याला ठेवलं, दाराशी पहारा. चौसष्ट दिवस. त्याची आई लूसी हायकोर्टात गेली, तेव्हा तो घरी आला. कायदा मात्र कोर्टाने उचलून धरला होता, पुढे तो बदलावा लागला. डॉमनिकने नंतर एचआयव्हीबाधितांसाठी संस्था उभी करायचं काम हाती घेतलं आणि १९९२ मध्ये तो गेला.

माझी मावशी म्हापशातलीच. ती सांगायची की त्या दिवसांत लोक त्या घरावरून जाताना रस्त्याची बाजू बदलायचे. मावशीनेही बदलली होती. हे तिने मला खूप उशिरा सांगितलं, मासळी साफ करता करता, माझ्याकडे न बघता.

अवांतर: डॉमनिकवर बेतलेला हिंदी सिनेमा २००५ मध्ये आला, त्यात नायकाला जलतरणपटू दाखवलंय. प्रत्यक्षात तो वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरीला होता. पोहणारा का केला असेल? मला तरी वाटतं, तलावातून सगळे भराभर बाहेर पडतात हे दृश्य पडद्यावर दाखवायला मिळावं म्हणून.

विंगेतून

नाटकाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी घुसते.

लुगॅनिस खेळ सोडून हौस म्हणून नटाकडे वळला असा समज आहे, तो उलटा आहे. तो दीड वर्षाचा असल्यापासून नाच आणि कसरतीच्या वर्गात होता. दमा होता म्हणून अंग हलतं ठेवायचं. वाचताना अक्षरं उलटसुलट दिसायची, शाळेत पोरं सावळ्या रंगावरून चिडवायची. जन्मदाता बाप सामोआचा, आई स्वीडिश वंशाची, दोघंही कोवळ्या वयातली. नऊ महिन्यांचा असताना कॅलिफोर्नियातल्या एल कहोनच्या लुगॅनिस दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. वर्गात मोठ्याने वाचता न येणाऱ्या पोराला रंगमंचावर न बोलता टाळ्या मिळत होत्या. घरामागे पोहण्याचा तलाव आल्यावर हा त्या कोलांट्या पाण्यावर मारायला लागला. पदवीसुद्धा नाट्यशास्त्राची, १९८३ ची, दोन ऑलिम्पिकांच्या मधली. (१९८० च्या मॉस्कोवर अमेरिकेने बहिष्कार टाकला नसता तर त्याची पदकं किती झाली असती हा हिशोब काकांनी करावा. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये सोळाव्या वर्षी त्याने रौप्य घेतलेलं होतंच.)

आणि आता १९९३. न्यूयॉर्कमध्ये ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे तिथल्या छोट्या नाट्यगृहांत, पॉल रुडनिक यांचं 'जेफ्री' चालू होतं. एड्सच्या काळातलं विनोदी नाटक, होय, विनोदी. त्यात लुगॅनिसने डेरियसची भूमिका केली. डेरियस हा संगीत नाटकातला नाचा पोरगा, हसरा, फार डोकं न चालवणारा. तो नाटकात एड्सने मरतो, आणि मेल्यावर परत येऊन नायकाला म्हणतो की बाबा रे, भीतीपायी जगणं सोडून देऊ नकोस.

समोर बसलेल्यांना माहीत नव्हतं की हे बोलणाऱ्याच्या रक्तात तेच आहे. जाहीर व्हायला अजून दीडदोन वर्षं होती. मी पंचवीस वर्षं प्रायोगिक नाटकात काम करतेय आणि दर काही महिन्यांनी मला हा प्रसंग आठवतो. रोज रात्री मरायचं, रंग पुसायचा, घरी जाऊन गोळी घ्यायची. मला तर वाटतं त्याने पहिल्यांदा सांगितलं ते तिथे, टीव्हीवर नंतर. फक्त भूमिकेच्या आडून सांगितलं म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

नट म्हणून कसा होता? जे तुकडे बघायला मिळाले त्यावरून सांगते, बरा होता. आवाज हलका, अंग मात्र विलक्षण बोलकं. सिनेमात त्याच्या वाट्याला छोटी कामं आली. १९९५ मध्ये एक एकपात्रीही केलं. त्याचं नाव नट म्हणून राहणार नाही. राहायलाच हवं असंही नाही.

सोलापूरची_आई

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्याने वाचलं. सासूबाई उठून गेल्या नाहीत. म्हापशेकरीण ताईंचं संपल्यावर म्हणाल्या, "त्या आईचं नाव काय म्हणालीस?" मी परत वाचलं, लूसी. त्या म्हणाल्या, बरं.

हे म्हणाले, "काका म्हणतात तर फसवणूक मागे घेतो, पण डॉक्टरला सांगायलाच पाहिजे होतं." मी म्हटलं, काकाही तेच म्हणतायत की ओ.

लेकीने हातमोज्यांचं पाकीट मागितलंय, आज आणते. तिचा एक प्रश्न उरलाय. तिने क्लिप पुढे बघितली, डोकं आपटल्यानंतरच्या उडीची. वर चढून उभा राहतो, तेव्हा तो छातीवर हाताने काहीतरी करतो आणि लोक हसतात. ते काय आहे?

तीन_मीटर

छातीवर थापटून दाखवतो तो, काळीज कसं धडधडतंय ते. सगळ्या तलावाला दाखवतो. लोक हसले, तोही हसला, आणि मग उडी मारली.

आणि ताई, एक तुमच्यासाठी राहिलंच होतं. १९८४ च्या त्या शेवटच्या ३०७सीच्या आधी दहा मीटरवर उभं राहून मनात काय होतं, हे त्याने पुढे सांगितलंय. उडी बिघडली तरी आईची माया काही कमी होणार नाही, एवढंच. दत्तक आई बरं का, फ्रान्सिस.

लेकीला म्हणावं, पुढच्या आठवड्यात फळीच्या टोकाला जाऊन परत फिरलीस तरी चालेल. फक्त फिरताना मोजत जा. मी एकदा सतरा वेळा फिरलो होतो, अठराव्यांदा सरांनी शिट्टी वाजवून तलाव बंद केला.

सोलापूरची_आई

वाचून दाखवलं. "सतरा?" म्हणाली, "मी अजून अकराच."